वाचलेले आणि पाहिलेले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील साहित्यसंध्येत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या साहित्यसंध्येत आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही ना साहित्यिक, ना समीक्षक. पस्तीस वर्षांपूर्वी बी. ए.ला मराठी हा विषय घेतला होता, एवढेच काय ते आमचे वाङ्मयीन भांडवल. आणि तेही लेखापरीक्षण खात्याच्या नोकरीत बरेचसे खर्ची पडलेले. परंतु कार्यवाह म्हणाले, ''समीक्षा नको. वर्षभरात आपण काय वाचले, काय पाहिले आणि आपल्याला काय वाटले, एवढेच सांगा.'' हे मात्र आम्हांस जमण्यासारखे होते. दुसऱ्याच्या हिशेबातील चुका काढण्यात ज्याची हयात गेली, त्याला मते असतातच. ती विचारणारे कोणी भेटत नाही, इतकेच.

तर गेल्या वर्षी आम्ही मंडळाच्या ग्रंथालयातून चार कादंबऱ्या नेऊन पुन्हा वाचल्या आणि त्यांवरून निघालेले तीन चित्रपट पाहिले. याशिवाय आणखी एक चित्रपट पाहिला, त्याच्यामागे कादंबरी नाही. त्याविषयी शेवटी बोलू. कारण आजचे बोलणे खरे म्हणजे त्याच्यामुळेच सुचले आहे.

आरंभी एक कबुली दिली पाहिजे. आवडलेल्या पुस्तकाचा चित्रपट पाहू नये, असे आमचे तरुणपणापासूनचे मत होते. लेखकाने शब्दांनी बांधलेले घर दिग्दर्शक येऊन पाडतो आणि त्याच विटांचे दुकान उभारतो, असे आम्ही चारचौघांत म्हणतही असू. या मताची तपासणी स्वतःच करावी, असा गेल्या वर्षी निश्चय केला.

पहिले पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी'. ही कादंबरी 1955 मध्ये प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातील माणदेशच्या माळावर धनगरांची एक लहानशी वाडी. तिथल्या शाळेवर नेमणूक झालेला एक पोरसवदा मास्तर. मुलांनी मेंढरे राखायची की शाळेत बसायचे, हा तिथला पहिला प्रश्न. मास्तर हळूहळू त्या माणसांचा होतो, त्यांची भांडणे मिटवतो, अर्ज लिहून देतो, सर्वांच्या श्रमातून तालीम उभी करतो. मग दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. एवढीच गोष्ट. बी. ए.च्या वर्षी वाचली तेव्हा तिच्यात काही घडत नाही अशी आमची तक्रार होती. आता पंचावन्नाव्या वर्षी वाचताना जाणवले, की मास्तर हाही आमच्यासारखाच सरकारी हुकुमाने परक्या गावी गेलेला माणूस आहे. आमच्यात आणि त्याच्यात फरक इतकाच, की तो त्या गावात मिसळला. आम्ही बहुतेक गावांत केवळ हजर झालो.

अमोल पालेकरांनी 1995 मध्ये या कादंबरीचा चित्रपट केला. त्यात माळ पाहिला आणि आम्ही थोडे वरमलो. इतकी वर्षे मनात जो माळ घेऊन आम्ही हिंडत होतो, तो फारच हिरवा होता. खरा माळ किती उघडा असतो, आभाळ त्यावर किती खाली येते, हे पडद्यावर एका क्षणात कळते. उलट दुष्काळाच्या बाबतीत कादंबरी सरस. चित्रपटाचा वेळ मोजका. दुष्काळ येतो आणि उरकतो. पुस्तकात तो पानापानाने येतो, आणि वाचणाऱ्याला वाडीबरोबर थांबून त्याची वाट पाहावी लागते.

आणि बोली! त्या माणसांचे बोलणे कागदावर वाचताना जीभ आपोआप हलू लागते. मातीशी बांधलेले शब्द कादंबरी कसे सांभाळते, याचा एक दाखला याच ओडिशात मिळाला. शेजारच्या ओडिआ गृहस्थांनी आम्हांस फकीरमोहन सेनापतींची प्रसिद्ध कादंबरी हिंदी अनुवादातून वाचावयास दिली. तिचे नाव 'छ माण आठ गुंठ'. सहा माण आठ गुंठे जमीन, म्हणजे एका गरीब विणकर जोडप्याची सारी मालमत्ता आणि सावकाराच्या डोळ्यांत सलणारा तुकडा. 'गुंठ' हा शब्द पाहून आम्ही चमकलोच. सातबाराच्या उताऱ्यावरचा आपला गुंठा दीड हजार किलोमीटरवर या महानदीच्या मुलखात भेटावा, याचे केवढे अप्रूप वाटले! परमुलखात आलेल्या माणसाला असा एखादा शब्दही सोयऱ्यासारखा वाटतो.

दुसरा विषय 'सिंहासन'. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि डॉ. जब्बार पटेलांनी 1979 मध्ये चित्रपट केला. येथे आमचे मत सपशेल हरले. कादंबऱ्यांचा पसारा मोठा. मंत्रालयापासून झोपडपट्टीपर्यंत सारी मुंबई त्यांत आहे. तो पसारा आवरून सत्तेच्या खेळाची एकच ताणलेली दोरी चित्रपटाने आपल्या हाती दिली. मुख्यमंत्र्यांच्या भूमिकेत अरुण सरनाईक, त्यांची खुर्ची हलवू पाहणारे अर्थमंत्री डॉ. श्रीराम लागू, आणि हे सारे पाहत हिंडणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला त्यातील बारकावा अधिक कळतो. बंद दाराआड काय चालले आहे, हे बाहेर बसलेल्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखायचे असते, हे आम्ही नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो. तो चेहरा कादंबरीकार वर्णन करून सांगतो. निळूभाऊ तो नुसता दाखवतात. शेवटी दिगू वेड्यासारखा हसत सुटतो, त्या हसण्याला कोणत्या शब्दाने गाठावे?

तिसरी 'शाळा'. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी 2004 मध्ये आली. काळ आणीबाणीचा, नायक नववीतला मुकुंद जोशी, आणि विषय म्हटला तर वर्गातल्या शिरोडकरविषयी त्याला वाटणारी ओढ, म्हटला तर घर, वर्ग आणि देश या तिन्ही ठिकाणी माणसाला किती बोलता येते, हा. सुजय डहाके यांनी त्यावरून केलेल्या चित्रपटाला 2011 या वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट देखणा आहे, मुले गोड आहेत, नरूमामा तर फारच झकास. तरीही येथे आमचा कौल कादंबरीला. तिच्यात साऱ्या जगाकडे तो मुलगा स्वतःच्या भाषेत पाहतो. मनातल्या मनात मास्तरांची टवाळी करतो, स्वतःचीही करतो. जे तोंडाने बोलायची सोय नाही ते तो वाचणाऱ्याच्या कानात सांगतो. चित्रपटात आपण त्या मुलाकडे पाहतो. कादंबरीत आपणच तो मुलगा असतो.

तात्पर्य, तीन सामन्यांत एक कादंबरीने जिंकला, एक चित्रपटाने, आणि एक बरोबरीत सुटला. इतके टिपण तयार करून आम्ही समाधानाने पेन खाली ठेवणार होतो. पण दिवाळीत चिरंजीव बंगळूरहून आले.

त्या रात्री जेवणे झाल्यावर सर्वांनी मिळून 'किल्ला' पाहिला. अविनाश अरुण यांचा हा पहिला चित्रपट. 2014 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी त्याला स्फटिक अस्वलाचे पारितोषिक दिले. वडील नुकतेच गेलेला चिन्मय हा शाळकरी मुलगा. आईची सरकारी नोकरी. तिची बदली कोकणातल्या एका लहान गावी झाली म्हणून पुणे सोडून आलेला. नवी शाळा, नवे सवंगडी, आणि समुद्राच्या काठचा तो किल्ला. एके दिवशी भर पावसात मित्र त्याला किल्ल्यात मागे टाकून निघून जातात. तो त्यांना हाका मारीत फिरतो. आमच्या सौ. पदराने डोळे पुसू लागल्या. आम्ही मात्र, खोटे कशाला सांगावे, आईच्या कचेरीतील कागदपत्रे कितपत खरी वाटतात, इकडे लक्ष ठेवून होतो. इतक्यात चिरंजीव उठून गच्चीत गेले.

चित्रपट संपल्यावर आम्ही बाहेर गेलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, ''बाबा, शिलाँगच्या शाळेत पहिले तीन महिने मी डबा जिन्याखाली एकट्याने बसून खात होतो.''

मित्रहो, शिलाँगच्या त्या बदलीचा सारा हिशेब आम्हांस तोंडपाठ आहे. हैदराबादहून सामान किती गेले, प्रवासभत्ता किती मंजूर झाला, नव्या जागी रुजू होण्यास किती दिवस मिळाले, सारे. हैदराबादची शाळा जूनमध्ये सुरू होई आणि शिलाँगची फेब्रुवारीत, म्हणून मुलाला वर्षाच्या मध्येच नव्या वर्गात बसवावे लागले, हेही ठाऊक होते. मुख्याध्यापकांना भेटून प्रवेश मिळवला याचा अभिमानसुद्धा होता. पण डबा कोठे बसून खाल्ला, हे आम्ही कधी विचारले नाही. आमच्या कोणत्याही तक्त्यात तो रकाना नव्हता. वीस वर्षे मुलाने ती गोष्ट जवळ ठेवली आणि एका मराठी चित्रपटाने ती दोन तासांत बाहेर काढली.

त्या रात्री झोप आली नाही, तेव्हा उशाशी 'बनगरवाडी' होती, ती उघडली. पाहतो तो चिरंजीवही जागेच. म्हणाले, ''मोठ्याने वाचा ना.'' आपल्या मुलांची अडचण आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. हिंदीमुळे त्यांना देवनागरी येते, घरी बोलल्यामुळे मराठी कळते. पण दोन्ही एकत्र करून मराठी पुस्तक वाचू गेले की चार ओळींत दमतात. कानाला मात्र तीच भाषा पाठ असते. आम्ही वाचू लागलो. माणदेशी बोली आमच्याही तोंडी सहज बसेना, तेव्हा दोघेही हसलो. पहाटेपर्यंत मास्तर वाडीत रुळू लागला होता. सुट्टी संपली, पण वाचन संपले नव्हते; म्हणून आता दर रविवारी रात्री आम्ही दूरध्वनीवरून अर्धा तास वाचतो. आमच्या सूनबाई कन्नडभाषिक आहेत. त्याही ऐकतात, आणि 'तालीम' म्हणजे काय, असे मध्येच विचारतात. 'बनगरवाडी' झाली, सध्या 'शाळा' चालू आहे.

आता थोडे आपल्या मंडळाविषयी. येथे चित्रपट दाखवला की खुर्च्या कमी पडतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच सभागृहाच्या कोपऱ्यात पुस्तकांची जी कपाटे आहेत, त्यांच्याकडे पाठ करूनच खुर्च्या मांडाव्या लागतात. 'बनगरवाडी'च्या मुखपृष्ठाच्या आत चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर आमच्या आधीची शेवटची तारीख बारा वर्षांपूर्वीची होती. यात दोष द्यायचा तर पहिला आम्हांसच द्यावा लागेल. ती बारा वर्षांपूर्वीची नोंदही आमचीच होती, आणि त्या वेळी पुस्तक न वाचताच परत केले होते.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात एक नम्र सूचना मांडतो. ज्या चित्रपटामागे कादंबरी आहे असा चित्रपट मंडळाने दाखवला, की पुढच्या रविवारी त्याच सभागृहात त्या कादंबरीचे अर्धा तास प्रकट वाचन व्हावे. वाचणारा नट नसला तरी चालेल. आजींनी वाचावे, बापाने वाचावे, अडखळत का होईना नातवाने वाचावे. याला खर्च शून्य, तेव्हा लेखापरीक्षणाचीही भीती नाही. चित्रपट आपल्याला आपला मुलूख दाखवतो, आणि दुरावलेल्या माणसाला त्याची तहान असतेच. पण दिवे लागले की तो संपतो. त्यानंतर घरातल्या घरात जे बोलायचे राहून गेलेले असते, त्यासाठी शब्द लागतात. ते त्या कपाटात आहेत.

कादंबरी आणि चित्रपट यांच्याविषयीचा आमचा तो जुना आक्षेप आम्ही या सभेसमोर मागे घेत आहोत. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर परिच्छेद निकाली निघाला. जिन्याखालच्या डब्याचा परिच्छेद मात्र अजून खुला आहे. त्याचे उत्तर दर रविवारी अर्धा अर्धा तास देत आहोत.