रसिकाचा हक्क कुठवर?



आजच्या व्याख्यानाची पाटी वाचून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "परदेशी पॉप गायकांनी वेड्या चाहत्यांशी कसे वागावे हे तुम्ही इथे सांगणार, आणि ते गायक तिथे ऐकणार, होय ना?" प्रश्न रास्त आहे. ते गायक ऐकणार नाहीत. पण या मंडपात गायक नसले तरी चाहते पुष्कळ आहेत. आणि गायकाने काय करावे हे ठरविताना चाहत्याचा हक्क किती, हेही ठरवावे लागते.

प्रथम एकाच माणसाच्या आयुष्यातील दोन प्रसंग सांगतो. १९७१ साली इंग्लंडातील ॲस्कॉटजवळ जॉन लेनन राहत होता. एके दिवशी विस्कटलेल्या अवस्थेतील एक तरुण त्याच्या दाराशी आला. लेननची गाणी आपल्यालाच उद्देशून आहेत, अशी त्याची समजूत होती. लेनन बाहेर आला आणि शांतपणे म्हणाला की ती गाणी तुझ्याविषयी नाहीत, मी माझ्या आयुष्याविषयी लिहितो. मग त्याने त्या तरुणाला भूक लागली आहे काय असे विचारले आणि घरात नेऊन खाऊ घातले. हे सारे चित्रपटात टिपलेले आहे. दुसरा प्रसंग ८ डिसेंबर १९८० चा, न्यूयॉर्कमधला. सायंकाळी घराबाहेर पडताना लेननने एका चाहत्याच्या हातातील ध्वनिमुद्रिकेवर सही करून दिली. त्याच रात्री त्याच चाहत्याने त्याच दाराशी त्याला गोळ्या घालून ठार केले.

हे ऐकून कोणी म्हणेल, सौजन्याचे हे फळ! आम्हांस तसे वाटत नाही. मारेकरी पिस्तूल घेऊनच आला होता. सही नाकारल्याने तो परतला असता, असे मानण्यास आधार नाही. सौजन्याने खून झाला नाही, आणि सौजन्याने तो टळलाही नाही. सौजन्य हा माणसाचा गुण आहे, ते चिलखत नव्हे. संरक्षणाची सोय वेगळी करावी लागते. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की कलावंत एक तर सर्वांशी तुसडेपणाने वागू लागतो, नाही तर सर्वांना दार उघडतो.

आता हे वेड येते कोठून? ते नवे नाही. पियानोवादक फ्रान्झ लिस्ट याच्यामागे लागलेल्या लोकांच्या वेडाला हाइने या कवीने १८४४ मध्येच नाव दिले होते. १९५६ साली हॉर्टन आणि वोल या अमेरिकन अभ्यासकांनी त्याची फोड करून दाखविली. दूरचित्रवाणीवरचा माणूस आपल्याकडे पाहून बोलतो, रोज घरात येतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की हा आपला स्नेही. स्नेह एकाच बाजूचा असतो. दुसऱ्या बाजूला आपले नावही ठाऊक नसते. बहुतेकांना हे कळत असते. फार थोड्यांना कळत नाही.

परंतु धंद्याला हा गैरसमज सोयीचा आहे. दक्षिण कोरियात २०२० पासून अशी सोय निघाली, की दरमहा पैसे भरले म्हणजे आवडत्या गायकाचा संदेश आपल्या मोबाइलवर येतो, आणि त्यात आपले नावही आपोआप घातले जाते. संदेश हजारोंना एकच, पण प्रत्येकाला वाटावे तो आपल्यालाच. म्हणून गायकाचे पहिले कर्तव्य आम्ही असे मानतो की त्याने गाणे विकावे, नाते विकू नये. आपलेपणाची किंमत वसूल करून मग आपलेपणाने दाराशी येणाऱ्यावर रागावणे न्यायाचे नाही.

दुसरे कर्तव्य म्हणजे मर्यादा वेळीच आणि स्पष्ट सांगणे. २००८ च्या ऑक्टोबरात बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार याने वयाच्या ६८ व्या वर्षी जाहीर केले, की २० तारखेनंतर आलेल्या पत्रांवर सह्या मिळणार नाहीत. लोक हसले, काही चिडले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये चॅपल रोन या २६ वर्षांच्या अमेरिकन गायिकेने सांगितले, की रंगमंचावर किंवा मुलाखतीत मी कामावर असते, एरवी नसते; मला हात लावू नका, माझ्या घरच्यांच्या मागे लागू नका. तिला पुष्कळांनी कृतघ्न म्हटले. आम्ही विचारतो, यात कृतघ्नपणा कोणता? सायंकाळी दुकान बंद केलेल्या वाण्याला आपण कृतघ्न म्हणतो काय?

येथे कोणी बालगंधर्वांचे उदाहरण देईल. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, तरी प्रयोग झाला. आपण ही कथा अभिमानाने सांगतो, आणि सांगावी. पण ते त्यांनी स्वतःहून दिले. प्रेक्षकांनी ते हक्काने मागितले असते, तर तो जुलूम ठरला असता.

तिसरे कर्तव्य सर्वांत कठीण. जो खरोखर पछाडलेला आहे, त्याच्याशी वाद घालू नये, त्याची समजूत घालीत बसू नये. गॅव्हिन डी बेकर या अमेरिकन सुरक्षातज्ज्ञाने १९९७ च्या आपल्या पुस्तकात हे नीट समजावले आहे. तीस वेळा गप्प राहून एकतिसाव्या वेळी रागाने जरी उत्तर दिले, तरी समोरच्याला एवढेच कळते, की उत्तराची किंमत एकतीस खेपा आहे. तेव्हा एकदा नाही म्हणावे, मग मौन पाळावे, आलेले प्रत्येक पत्र जपून ठेवावे आणि प्रकरण पोलिसांकडे द्यावे. १९८९ मध्ये रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीचा तिच्या दाराशीच एका चाहत्याने खून केला, आणि पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने पाठलागाविरुद्ध कायदा केला. आपल्याकडे स्त्रीचा पाठलाग २०१३ पासून गुन्हा आहे. आज तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात येतो. तो केवळ नट्यांसाठी नाही. शेजारच्या गल्लीतल्या मुलीलाही तोच कायदा आहे, आणि तिच्या मागे लागणाऱ्यालाही आपण पुष्कळदा प्रेमवेडा म्हणून सोडून देतो.

श्रोतेहो, आपल्या रंगभूमीने प्रेक्षकाला 'मायबाप' म्हटले. केवढा हा मान! पण शहाणे आईबापही मोठ्या झालेल्या मुलाच्या खोलीचे दार वाजवून मगच आत जातात, आणि आतून 'आत्ता नको' असा आवाज आला तर मुकाट्याने परततात. आपल्याला मायबाप म्हणवून घ्यायचे असेल, तर एवढे आपल्याला जमले पाहिजे.