पक्षाघात : कारणे, पूर्वसूचना आणि कुटुंबाचे कर्तव्य
(हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यान, गोहलपुर, जबलपूर)



हीरक महोत्सव म्हणजे संस्थेच्या आयुष्याची 60 वर्षे. त्या पहिल्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसलेली मुले आज 66 वर्षांच्या आसपास आहेत. मुंबईत 2005 आणि 2006 या दोन वर्षांत सुमारे दीड लाख रहिवाशांमधील पक्षाघाताच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्यात आली, तेव्हा रुग्णांचे सरासरी वय 66 वर्षेच आढळले. त्यांपैकी जवळजवळ 30 टक्के रुग्ण 28 दिवसांच्या आत दगावले. आनंदाच्या या प्रसंगी हा विषय निवडण्याचे कारण एवढेच.

पक्षाघात, म्हणजे बोलीभाषेतला लकवा, मेंदूचा विकार मानला जातो. परंतु त्याची बीजे बहुधा हृदयात आणि रक्तवाहिन्यांत असतात. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. मुंबईच्या नोंदींत मेंदूचे चित्रण झालेल्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे चौघांची वाहिनी बंद झालेली होती.

32 देशांत झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातील रुग्णही होते. पक्षाघाताचा सुमारे नऊ-दशांश भार दहा कारणांशी निगडित असल्याचे त्यातून दिसून आले. उच्च रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, रक्तातील सदोष मेद, पोटाचा वाढलेला घेर, असमतोल आहार, शारीरिक श्रमांचा अभाव, अतिमद्यपान, मानसिक ताण आणि हृदयविकार ही ती कारणे होत. यांत रक्तदाबाचा वाटा सर्वांत मोठा, जवळजवळ निम्मा आहे.

हा विकार केवळ महानगरातील सुखवस्तू लोकांचा आहे, असा एक समज आढळतो. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने 86 गावांतील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा तो समज खोटा ठरला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघातामुळे झाला होता, आणि पक्षाघाताने मरण पावलेल्यांपैकी 87 टक्के लोकांनी घरीच प्राण सोडला होता.

जबलपूरच्या दृष्टीने हा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. या शहराच्या भोवती मंडला, दिंडोरी, सिवनी असा मोठा ग्रामीण आणि आदिवासी प्रदेश आहे. 1955 पासून येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तथापि रुग्णालय गावात असणे आणि रुग्ण वेळेत तेथे पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी होत. शिवाय विडी हा या शहराचा जुना व्यवसाय. विडीत पान असते, कागद नसतो, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य, हा भ्रम येथे तरी उरता कामा नये.

रक्तदाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही, हीच त्याची खरी भीती. डोके दुखत नाही म्हणून गोळी बंद करणारे वडीलधारे अनेक घरांत असतात. वस्तुतः वरचा रक्तदाब औषधाने दहा अंकांनी उतरला, तर पक्षाघाताचा धोका सुमारे पाव हिश्शाने घटतो. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. पानातील लोणचे, पापड आणि चिवडा यांचा हिशेब त्यातच धरावा लागतो.

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात वा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले, तर तेल चोळण्यात किंवा सकाळची वाट पाहण्यात वेळ दवडू नये. रुग्णाला तोंडाने काही देऊ नये. लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. लक्षणे आपोआप ओसरली तरीही तपासणी टाळू नये. ती पुढील मोठ्या आघाताची पूर्वसूचना असू शकते.

माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांची मुले आज पुणे, बंगळूर किंवा परदेशी असतात आणि घरी दोन वृद्धच उरतात. अशा घरात रक्तदाब मापक असावा, आकड्यांची वही असावी आणि हाकेच्या अंतरावरील शेजाऱ्याला ही लक्षणे ठाऊक असावीत. एकेकाळी एका बाकावर बसलेल्यांनी आता एकमेकांच्या रक्तदाबाची चौकशी करावी. अमृतमहोत्सवाला सर्वांनी आपल्या पायांनी चालत यावे, यासाठी ती आवश्यक आहे.