अवधान आणि ‘उंबरठा’



स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्याने आपल्या क्षेत्राची ओळख करून द्यावी आणि चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात असा संकेत आहे. प्रस्तुत वक्त्याचे क्षेत्र चित्रपट-संकलनाचे, म्हणजे चित्रित झालेल्या तुकड्यांतून नेमके निवडून त्यांना अर्थपूर्ण क्रम देण्याचे असल्याने, येथे डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ या चित्रपटाचा विचार मांडणे उचित ठरेल. आपला हा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला आणि हा चित्रपट १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. त्या अर्थाने दोघे समवयस्क होत.

शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा, म्हणजे प्रसंगांची दृश्यक्रमाने केलेली मांडणी, लिहिली. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे होते. मराठीबरोबरच ‘सुबह’ या नावाने तो हिंदीतही साकारला आणि उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला. स्मिता पाटील यांनी साकारलेली सुलभा ही सुखवस्तू घरातील सुशिक्षित सून, समाजकार्याचे शिक्षण घेतल्यावर घरापासून दूर एका महिलाश्रमाची अधीक्षक होते. तेथील अनाचाराशी झुंजून ती परतते, तेव्हा गिरीश कर्नाड यांनी रंगवलेला तिचा वकील पती दुसऱ्या स्त्रीत गुंतलेला असतो, लहानगी मुलगी जाऊबाईंच्या मायेत रुळलेली असते, आणि सुलभा पुन्हा घराबाहेर पडते. या कथेत आदळआपट करणारा खलपुरुष नाही. सुलभाला काय हवे आहे हे घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवून टाकलेले असते. तिच्याकडून ते ऐकून घ्यायला मात्र कोणाला सवड नसते. संसार मोडतो तो तेथे. परस्त्रीचे प्रकरण हा त्याचा उशिरा दिसलेला परिणाम होय.

संकलकाच्या दृष्टीने अशा चित्रपटातील कळीचा प्रश्न एकच असतो: बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे केव्हा जायचे. या तंत्राचे विवेचन येथे विस्ताराने होणे अपेक्षित होते. परंतु ही दृष्टी ज्या जागेने दिली ती जागा समोरच असल्याने, विवेचनापेक्षा कृतज्ञतेला अग्रक्रम देणे भाग आहे.

घनसावंगीकडून एस.टी.चा पास घेऊन येणाऱ्या एका विद्यार्थ्याला याच सभागृहात एकांकिकेतील एकही वाक्य नसलेली भूमिका मिळाली होती. तालमीत मराठीच्या सरांनी रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात खडूने हातभर वर्तुळ आखले, त्याला त्यात उभे केले आणि बजावले की ज्याला वाक्य नाही त्याने सर्वांची वाक्ये ऐकायची असतात. पंधरा दिवस ते वर्तुळ रोज पुसले जाई आणि सर ते रोज नव्याने आखीत. त्यांच्या सदऱ्याच्या उजव्या बाहीला लागलेला पांढरा खडू अखेरपर्यंत गेला नाही. पुढे संकलनाच्या टेबलावर जे काही साधले, त्याचे मूळ त्या वर्तुळात आहे.

म्हणून तरुणांना सांगण्याजोगी गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे अवधान. ‘सावधान’ हा शब्द ‘स’ आणि ‘अवधान’ मिळून झाला असून त्याचा मूळ अर्थ ‘लक्ष देऊन’ असा आहे. याच जिल्ह्यातील जांबचे समर्थ रामदास हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले अशी परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांनीही ‘ज्ञानेश्वरी’च्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितले ते अवधानच. मंगलाष्टकांत ‘सावधान’ हा शब्द वारंवार उच्चारला जातो, अक्षता पडतात, आणि पुढे आयुष्यभर त्याचा विसर पडतो. ताटाशेजारी मोबाईल पालथा ठेवल्याने अवधान येत नाही. समोरच्याचे वाक्य पुरे होईपर्यंत आपले उत्तर तयार न करणे, याला अवधान म्हणतात. आईचे ऐकताना ते लागते, मित्राचे ऐकताना लागते, आणि उद्या संसार मांडाल तेव्हा ते हुंड्यादागिन्यांपेक्षा, किंबहुना पगाराच्या आकड्यापेक्षाही अधिक लागेल. मुलांनी ते विशेष शिकावे, कारण घरात ऐकून घेण्याचे काम आजवर बहुधा मुलींच्याच वाट्याला आले आहे.

पहिल्या रांगेत उजवीकडे ते सर आज बसलेले आहेत. त्यांना विनम्र अभिवादन. त्यांच्यामागे, मुलीचे नाव पुकारले जाण्याची वाट पाहत दुपारपासून बसलेल्या माताही आहेत. पारितोषिक घेऊन खाली उतरणाऱ्या मुलींनी आधी त्यांच्यापाशी जावे आणि दिवसभरात त्यांना काय वाटले ते विचारावे.

यानंतर विद्यार्थ्यांची एकांकिका सादर होईल. बोलणाऱ्या पात्राकडे सर्वांचे लक्ष आपोआप जाईल. कोपऱ्यात मुकाट्याने ऐकत उभ्या असलेल्या पात्राकडेही प्रेक्षकांनी क्षणभर पाहावे, एवढीच विनंती.