तातडीच्या कक्षातील क्रम
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवरांची नोंदणी, वसतिगृहाचा निधी हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय होत. त्यांचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ज्या गोष्टीची आठवण केवळ संकटाच्या रात्री होते, तिचा विचार निवांतपणी करून ठेवावा, म्हणून आज आम्ही रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षाविषयी, म्हणजे ज्याला आपण सर्रास 'कॅज्युअल्टी' म्हणतो त्याविषयी, बोलणार आहोत. आपल्या धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयाला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली आहे; तेव्हा त्या दारात आपले वर्तन कसे असावे, हा प्रश्न आता प्रत्येक घराचा आहे.

पंगतीत वयाचा मान असतो, देवदर्शनाच्या रांगेत आधी आलेल्याचा, आणि कित्येक कचेऱ्यांत, स्पष्टच बोलावयाचे तर, ओळखीचा. तातडीच्या कक्षात यांपैकी एकही रीत चालत नाही. ज्याच्या जिवाला अधिक धोका, त्याचा क्रम पहिला. रुग्ण येताच त्याचा श्वास, नाडी, रक्तदाब आणि शुद्ध पाहून त्याची वर्गवारी करतात: तांबडा म्हणजे तत्काळ, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबू शकणारा. मनगट मोडलेला तरुण बाकावर बसलेला असता मागाहून आलेल्या, छातीत कळ उठलेल्या गृहस्थास थेट आत नेतात, हा त्या तरुणाचा अपमान नव्हे. किंबहुना, ज्यास थांबावयास सांगितले त्यास तूर्त धोका कमी, हीच त्यातील शुभवार्ता होय. मात्र थांबलेल्या रुग्णास धाप लागली, गुंगी आली किंवा वेदना वाढली, तर परिचारिकेस त्वरित सांगावे. वर्गवारी पुन्हा करता येते.

या नियमाची कठोर गरज आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने आजच्या लोहारा व उमरगा तालुक्यांतील गावे जमीनदोस्त केली. जखमी अनेक आणि हात थोडे, अशा वेळी निवड करावीच लागते. आणि ती धोका पाहून न केली, तर वाचण्याजोगा जीव जातो.

आत गेल्यावर एकच प्रश्न तीन जण विचारतील. तो निष्काळजीपणा नव्हे. सांगताना सुटलेली गोष्ट त्यातूनच हाती लागते. रक्ततपासणीस वेळ लागतो. सर्पदंशाचेच उदाहरण घ्या. रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात. ते गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय बळावतो. बाहेरच्या नातलगांस वाटते, डॉक्टर नुसते घड्याळ पाहत आहेत! वस्तुतः ती वीस मिनिटे हीच तपासणी असते. पुढे घरी सोडणे, देखरेखीखाली ठेवणे, दाखल करणे किंवा सोलापूरसारख्या मोठ्या रुग्णालयात पाठविणे, यांपैकी एक निर्णय होतो. पाठविल्यास दिलेल्या उपचारांची चिठ्ठी अवश्य मागून घ्यावी.

अपघात पाहून पोलिसांच्या भीतीने पाय मागे घेणारेही आहेत. जखमीस प्रथम उपचार, कायद्याचे सोपस्कार नंतर, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच दिला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण मिळाले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही २०१४ पासून महाराष्ट्रात आहे.

आता थोडे कटू बोलतो. ज्ञातिबांधवाच्या अडचणीला धावून जाणे हे आपले भूषण; परंतु एका रुग्णामागे पंचवीस माणसे कक्षात शिरतात, आणि कोणी पुढाऱ्यास फोन लावतो, तेव्हा त्या भूषणाचे ओझे होते. शिफारशीने आपला हिरवा रुग्ण पुढे सरकला, तर कोणाचा तरी तांबडा रुग्ण मागे पडतो. तो कोणत्या ज्ञातीचा, हे त्याचा श्वास सांगत नाही. आणि उद्या मागे पडणारा आपलाच असेल. जेथे जात, पैसा आणि मानपान बाहेर ठेवूनच प्रवेश करावा लागतो, अशा जागा आपल्या समाजात थोड्या आहेत. असलेली एक आपण तरी बिघडवू नये.

म्हणून या सभेपुढे तीन साध्या गोष्टी ठेवतो. प्रत्येक घराने वडीलधाऱ्यांची औषधे, जुने आजार आणि कोणते औषध सोसत नाही, हे एका कागदावर लिहून दारामागे लावावे. रुग्णाबरोबर आत एकानेच जावे, फार तर दोघांनी. आणि उरलेल्या तेवीस जणांनी दाराशी गर्दी न करता रक्तपेढीत जाऊन रक्त द्यावे. मग ते कोणालाही मिळो.