प्रत्येक ग्रॅमचा हिशेब

(हिवरे बाजार येथे युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी गाव फिरताना तुम्ही बंधारे पाहिले, डोंगरउतारावरचे चर पाहिले. हे गाव पर्जन्यछायेतलं. पाऊस बेताचाच. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने कामाला सुरुवात केली. पाणी अडवण्याचं काम इतरही गावांनी केलं. हिवरे बाजारचं वेगळेपण त्याच्या पुढे आहे. इथे दरवर्षी पाऊस मोजतात, जमिनीत किती पाणी मुरलं याचा अंदाज घेतात आणि ग्रामसभेत पाण्याचं अंदाजपत्रक मांडतात. पाणी किती ते आधी ठरतं, पीक कोणतं ते नंतर. ऊस आणि केळी इथे घेत नाहीत. पाऊस कमी झाला तर पिकं बदलतात.

मला तुमच्याशी बोलायचं आहे ते पार्सलबद्दल. तुमच्यापैकी अनेकजण, विशेषतः मुली, घरून काही ना काही विकतात. क्रोशाच्या टोप्या, हिजाब पिना, झुमके, जरीकामाचे बटवे, मेंदीचे कोन, हाताने लिहिलेली शुभेच्छापत्रं. इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घ्यायची. वस्तू छान, किंमत रास्त. आणि शेवटी विचारणा येते, 'डिलिव्हरी फ्री आहे ना?' तिथे सगळं अडतं.

एक हिशेब मांडू. समजा टोपी १८० रुपयांना विकली. दोरा ५० रुपयांचा. पाठवायला ७० रुपये गेले. उरले ६०, आणि विणायला लागले तीन तास. म्हणजे तासाला वीस रुपये. यात पाकीट, चिकटपट्टी आणि मोबाइलचा डेटा अजून धरलेलाच नाही. असे दोन-तीन महिने गेले की घरात कुणीतरी म्हणतं, 'काय मिळतं त्यातून? सोडून दे.' आणि ती सोडून देते. मुलीच्या हातात पहिल्यांदा आलेली स्वतःची कमाई अशी टपालखर्चात विरून जाते. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

स्वस्तात पाठवायचं म्हटलं की आपण विचारतो, कोणती कंपनी स्वस्त? मी म्हणतो, तो प्रश्न नंतरचा. आधी या गावासारखं अंदाजपत्रक मांडा. पाण्याच्या जागी ग्रॅम ठेवा.

पहिली गोष्ट वजनाची. टपालाचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. खासगी कुरिअरचा पहिला टप्पा बहुधा ५०० ग्रॅमचा असतो. ५१० ग्रॅम भरलं की दुसरा टप्पा लागला. दहा ग्रॅमसाठी पुढच्या पूर्ण टप्प्याचे पैसे. स्वयंपाकघरात वापरतात तसला छोटा डिजिटल काटा घ्या आणि वस्तू पाकिटासकट, चिकटपट्टीसकट तोला. प्रत्येक वस्तूसमोर तिचं पॅक केलेलं वजन वहीत लिहून ठेवा. ऑर्डर आल्यावर वजन करणारा फसतो, किंमत ठरवण्याआधी करणारा वाचतो.

दुसरी गोष्ट आकाराची. पार्सल हलकं असलं तरी ते जागा किती अडवतं याचे पैसे लावतात. कुरिअरमध्ये सर्रास चालणारं सूत्र असं, लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. येतं ते किलो. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्यावर आकारणी होते. साठ ग्रॅमची टोपी २५ बाय २० बाय १५ च्या खोक्यात घातली तर उत्तर येतं दीड किलो. तीच टोपी घडी करून २२ बाय १६ च्या, दोन सेंटिमीटर जाडीच्या पाकिटात घातली तर उत्तर येतं साधारण १४० ग्रॅम. वस्तू तीच, फक्त खोकं बदललं. नाजूक वस्तूला खोकं लागतं, पण कापडाला लागत नाही. झुमक्यांना पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि बबल रॅपचा एक वेढा पुरतो.

तिसरी गोष्ट, एकत्र पाठवण्याची. एक टोपी आणि दोन टोप्या बऱ्याचदा एकाच टप्प्यात बसतात. मग दोन टोप्यांचा संच विका. टोपीसोबत रुमाल द्या. गिऱ्हाईकाला ७० रुपये एका वस्तूवर जड वाटतात, तीन वस्तूंवर वाटत नाहीत. पिकं पाण्याकडे बघून ठरतात, तसा माल टप्प्याकडे बघून ठरवा.

आता पाठवायचं कशाने? खासगी कुरिअर आहेत. शिपरॉकेटसारखे मंच आहेत, ते अनेक कुरिअर कंपन्यांचे दर एका पानावर दाखवतात. मोठ्या शहरातून मोठ्या शहरात ते बरे पडतात. पण दूरच्या पिनकोडला काही कंपन्या जादा आकार लावतात, काही जातच नाहीत. आणि आपली गिऱ्हाइकं फक्त पुण्या-मुंबईत नाहीत. ती श्रीगोंद्यात आहेत, मंडणगडात आहेत, अक्कलकुव्यात आहेत.

इथे सरकारी टपालाचा विचार करायला हवा. देशात १ लाख ६४ हजारांच्या आसपास टपाल कार्यालयं आहेत आणि दहातली नऊ ग्रामीण भागात. १८५४ पूर्वी पत्राचा दर अंतरावर ठरायचा. त्या वर्षी ठरलं की पाव तोळ्यापर्यंतचं पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाईल. पाव तोळा म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. हलकी गोष्ट गरिबालाही दूरवर पाठवता यावी, ही कल्पना इतकी जुनी आहे. १८७७ मध्ये व्ही. पी. आली. वस्तू हातात घेताना पोस्टमनला पैसे द्यायचे. आज आपण ज्याला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतो, त्याचं हे पणजोबांच्या काळातलं रूप.

अलीकडचे बदलही माहीत करून घ्या. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर लागू झाले. कागदपत्रांसाठी ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये, बाहेर देशभर ४७ रुपये. २५० ग्रॅमपर्यंत गावात २४, आणि २०० किलोमीटरपर्यंत ५९. यावर जीएसटी वेगळा. लक्षात ठेवा, हे दर कागदपत्रांचे. वस्तू पार्सल म्हणून जाते आणि तिचा दर वेगळा असतो. तो काउंटरवर विचारा आणि वहीत लिहा. त्याच वेळी विद्यार्थ्यांना १० टक्के आणि घाऊक पाठवणाऱ्या नव्या ग्राहकांना ५ टक्के सवलत जाहीर झाली आहे. विचारल्याशिवाय ती मिळेल अशा भरवशावर राहू नका.

पुस्तकं पाठवणाऱ्यांसाठी १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांत आणि पाच किलोपर्यंत १०० रुपयांत जातात, कर वेगळा. रस्त्याने किंवा रेल्वेने जातात म्हणून वेळ लागतो, पण पार्सल कुठे पोहोचलं ते पाहता येतं. जुनी पुस्तकं विकणाऱ्या मुलांनी याचा जरूर उपयोग करावा.

काय पाठवायचं नाही तेही सांगतो. पेट घेणारा द्रव टपालाने चालत नाही. स्पिरिटवाला सेंट म्हणूनच अडतो. तेलाचं अत्तर असेल तर आधी पोस्टात विचारा, आणि बाटली अशी बंद करा की उलटी धरली तरी थेंब गळू नये.

पत्त्याचं बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी, संस्कृतचे मोठे जाणकार. आपल्या देशात एकाच नावाची गावं अनेक आणि पत्ते लिहायच्या लिप्याही अनेक. दूर कशाला, हे हिवरे बाजार, याच नगर तालुक्यात हिवरे झरे, आणि शेजारच्या पारनेरात हिवरे कोरडा. नुसतं 'हिवरे' लिहिलं तर पार्सल कुठे जाईल? पत्ता देवनागरीत आला असो की उर्दूत, सहा अंक बरोबर असले की पार्सल योग्य पोस्टात पोहोचतं. गिऱ्हाईकाकडून पिनकोड आणि तालुका लिहूनच घ्या.

परत आलेलं पार्सल सगळ्यात महाग. समजा कॅश ऑन डिलिव्हरीची दहा पार्सलं गेली आणि तीन परत आली. जायचे ७० आणि यायचे ७० धरले तर ४२० रुपये बुडाले. उरलेल्या सात ऑर्डरींवर प्रत्येकी साठ रुपयांचा बोजा पडला. त्यापेक्षा आगाऊ यूपीआयने पैसे देणाऱ्याला वीस रुपये कमी करा. तरीही तुम्ही फायद्यात राहता.

कायद्याचंही थोडं. महाराष्ट्रात मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री राज्यातच असेल, तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन मंचावर राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांनाही ही मुभा मिळाली. त्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर नोंद करून एक क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर माल विकायचा तर मात्र नोंदणी लागते. अधिसूचित हस्तकला वस्तूंना काही अटींवर सूट आहे. तुमची वस्तू त्या यादीत बसते का, हे करसल्लागाराला एकदा विचारून घ्या. परदेशातल्या नातेवाइकांच्या ओळखीने ऑर्डरी येत असतील तर २०२२ पासून सुरू झालेल्या डाक घर निर्यात केंद्रांत चौकशी करा. त्यासाठी आयात-निर्यात कोड काढावा लागतो.

मुलींना दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. पार्सलवर घरचा मोबाइल नंबर टाकू नका, धंद्याचं सिम वेगळं ठेवा. आणि पैसे भावाच्या किंवा अब्बांच्या खात्यात घेऊ नका. स्वतःच्या नावाचं खातं काढा, पोस्टात काढलं तरी चालेल. प्रेषक म्हणून नाव तुमचं आणि खातंही तुमचं. कमाई कागदावर दिसली की घरातल्या बोलण्यात तुमच्या शब्दाला वजन येतं. शिक्षण पुढे चालू ठेवायचं की नाही, लग्न कधी करायचं, या प्रश्नांवर ते वजन उपयोगी पडतं.

हिवरे बाजारात मुस्लिम कुटुंब एकच. त्या एका कुटुंबासाठी गावाने मशीद बांधली. 'एकाच घरासाठी कशाला?' असं गाव म्हणालं नाही. सार्वजनिक व्यवस्था म्हणजे हेच. वाडीतल्या शेवटच्या घराचं पार्सलही पोस्टमन त्याच दरात नेऊन देतो, आणि पाकिटावरचं नाव कुठल्या जमातीचं आहे हे दरपत्रक विचारत नाही. अशी व्यवस्था वापरली तर टिकते. तिथे उशीर झाला, कुणी नीट बोललं नाही, तर तक्रार लेखी करा आणि तिचा क्रमांक घ्या. नागरिक म्हणून तो आपला हक्क आहे.

घरी गेल्यावर चार कामं करा. काटा आणा. प्रत्येक वस्तू पॅक करून तोला. जवळच्या पोस्टात जाऊन पार्सलचे दर लिहून आणा. मग वस्तूची किंमत पुन्हा ठरवा, स्वतःच्या तासांची मजुरी धरून. मापात कसूर करू नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गिऱ्हाईकाला कमी देऊ नये हे जितकं खरं, तितकंच आपल्या कष्टाला कमी तोलू नये हेही खरं.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.