भाव, हप्ता आणि आपलं घर
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला विषय दिला आहे, 'मंदीनंतरचे पुण्याचे अर्थकारण आणि घरबांधणी'. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती माईक दिला की तो व्याजदरावर बोलणारच. पण काळजी नको, जेवण गार होणार नाही!

१९९५ साली कोथरूडला दर महिन्याला नवा भाव ऐकू यायचा. त्याच भरात मी इथे फ्लॅट बुक केला. पुढे तेजी ओसरली, बिल्डरकडचे पैसे संपले आणि तिसऱ्या स्लॅबवर काम थांबलं. दर रविवारी आम्ही पाच-सहा जण यायचो आणि गंजणाऱ्या सळया बघून परत जायचो. शेजारच्या नव्या स्कीमचा भाव माझ्यापेक्षा कमी! रात्री मी तोट्याचा हिशोब मांडत बसलो की सौ. म्हणायची, "आपल्याला घर विकायचंय का? मग भाव कशाला बघता? हप्ता वेळेवर जातोय ना, ते बघा." अखेर १९९९ च्या दिवाळीत किल्ल्या मिळाल्या आणि २००० मध्ये आपली संस्था नोंदली गेली. आपली सोसायटी ही मंदीचं लेकरू आहे.

मग बाजार सावरला कसा? एक तर व्याज उतरलं. पंधरा वर्षांच्या मुदतीला १५ टक्क्यांनी लाखाला सुमारे १,४०० रुपये हप्ता बसतो; ८ टक्क्यांनी तोच सुमारे ९५६. शिवाय २००१ मध्ये घरकर्जाच्या व्याजावरची वजावट दीड लाखापर्यंत वाढली. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे नोकऱ्या आल्या. हिंजवडीला आयटी, चाकणला वाहनांचे कारखाने. घराला गिऱ्हाईक मिळतं ते पगारामुळे.

हेच पुन्हा घडलं. २००८ चा जागतिक फटका, २०१६ ची नोटाबंदी, २०१८ मध्ये वित्त कंपन्यांची कोंडी आणि वर २०२० चा कोरोना. तेव्हा रेपो दर ४ टक्क्यांवर आला, आणि राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्के केलं, पुढे मार्चपर्यंत ३. निबंधक कार्यालयांत रांगा लागल्या. नंतर रेपो ६.५० पर्यंत चढला, तरी पगार चालू होते म्हणून मागणी टिकली. जून २०२५ पर्यंत तो पुन्हा ५.५० वर आला होता. वनाजहून मेट्रो थेट रामवाडीला जाते. चित्र आशादायक आहे, यात शंका नाही.

पण एक सल सांगतो. मला तेव्हा बँकेच्या पगारात जे घर परवडलं, ते आज एखाद्या तरुण शिक्षकाला याच गल्लीत परवडणार नाही. बाजार सावरला, पण सगळ्यांसाठी नाही.

तरुणांना एवढंच सांगेन, की दुसरा फ्लॅट घेताना भाव किती वाढेल हे विचारू नका. नोकरी गेली तर सहा महिन्यांचे हप्ते बाजूला आहेत का, हे आधी बघा.

आणि आता आपल्याकडे पुनर्विकासाची कुजबुज सुरू झाली आहे. माझा विरोध नाही. पण तेजीत दिलेला शब्द बिल्डरला कदाचित मंदीत पाळावा लागतो. जादा किती चौरस फूट मिळणार, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की काम मध्येच थांबलं तर भाडं कोण देणार आणि बँक गॅरंटी कुठे आहे? कागद वाचल्याशिवाय सही करू नका. महारेरा २०१७ पासून आहे, त्याचा आधार घ्या. पण आपले डोळेही उघडे ठेवा.

त्या गंजक्या सळया पाहिलेले आम्ही आता थोडेच उरलो आहोत. पुढच्या पिढीवर ते रविवार येऊ नयेत, एवढीच इच्छा.