बुडालेल्या आगबोटीची साक्ष



उंद्रीपासून समुद्र शंभरावर कोस दूर. तेव्हा बुडालेल्या बोटींवर बोलायला हा माणूस येथे कशाला आला, असे कोणाच्या मनात आले तर त्यात वावगे काही नाही. पण वऱ्हाडचा कापूस खामगावच्या बाजारातून मुंबईला जाई आणि तेथल्या गिरण्यांत तो कातणारी पुष्कळशी माणसे कोकणातली असत. ती सणावाराला गावी जात ती आगबोटीने. आपला कापूस आणि त्यांची बोट यांचा संबंध इतका जवळचा आहे. आम्ही विद्वान नव्हे. शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि रद्दीतल्या पुस्तकांवर झाले. त्यामुळे बोटीकडेही आम्ही कामगाराच्या बाजूनेच पाहणार, हे आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट ‘रामदास’ बोटीची. १९३६ साली बांधलेली ही वाफेची बोट. तिच्या कंपनीला कोकणातली माणसे ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. गोऱ्या कंपन्यांशी टक्कर देणारी स्वदेशी कंपनी, आणि बोटींना नावे तुकाराम, रामदास अशी. मग लोकांना ती आपली वाटली यात नवल ते काय! १७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढी अमावास्या तोंडावर आलेली, स्वातंत्र्याला महिनाही उरलेला नव्हता. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रामदास रेवसला निघाली. बोट माणसांनी भरलेली. पावसाळ्यात बाहेरच्या समुद्रावरील बोटी बंद असत, पण रेवसची फेरी म्हणजे जवळची, रोजची. तिची धास्ती कोण घेणार? बंदर मागे पडले तसा वारा वाढला, लाटा बोटीवर येऊ लागल्या. बोट एका अंगाला कलली, माणसे घाबरून दुसऱ्या अंगाला धावली, आणि शेकडो माणसांचा भार एकदम सरकल्यावर तिला तोल सावरता आला नाही. काश्याच्या खडकाजवळ ती उलटली. धक्का सोडून तासही झाला नव्हता. सहाशेहून अधिक माणसे गेली.

येथवरची हकीकत समुद्राची आहे. यापुढची जमिनीवरची आहे, आणि आमचा खरा विषय तोच.

सकाळी नवाच्या आत बोट बुडाली, आणि मुंबईला पत्ता लागला तो दुपार उलटून गेल्यावर. मधले सगळे तास धक्क्यावर नित्याचे व्यवहार चालू होते. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. ते असते तर सगळी वाचली असती असे आम्ही म्हणणार नाही. पण फळीला धरून तासन्‌तास तरंगलेल्यांपैकी किती वाचली असती याचा हिशेब कोणी मांडायचा? मदतीला आले ते सरकार नव्हे, कंपनी नव्हे. रेवसहून मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी मासळी समुद्रात ओतून दिली आणि रिकाम्या होडीत माणसे घेतली. पोटावर पाय देऊन केलेले हे काम! एक दहाबारा वर्षांचा मुलगा तरंगत गेटवेपर्यंत आला, आणि त्याच्या सांगण्यावरून शहराला बातमी कळली, असे त्यानेच पुढे उतारवयात सांगितले आहे.

बिनतारी यंत्र तेव्हा नवे होते काय? मुळीच नाही. १९१२ साली टायटॅनिक बुडाली ती बिनतारीवर हाका मारीत बुडाली, आणि त्या हाका ऐकून आलेल्या बोटीने सातशेवर माणसे उचलली. १९१४ साली आणि पुन्हा १९२९ साली लंडनला राष्ट्रांच्या परिषदा भरून उतारूंच्या बोटींवर हे यंत्र हवेच, असे ठरले. पण तो नियम परदेशी जाणाऱ्या बोटींना. रामदास परदेशी जात नव्हती, रेवसला जात होती! बरे, इशारा मिळाला नव्हता असेही नाही. १९२७ च्या नोव्हेंबरात याच किनाऱ्यावर ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. त्यानंतर वीस वर्षे हाताशी होती.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे मानू नका. इंग्लंडात हल नावाचे मच्छीमारांचे बंदर आहे. तेथून ट्रॉलर निघत. ट्रॉलर म्हणजे समुद्राच्या तळाशी जाळे ओढीत नेणारे गलबत. मुंबई सरकारनेही १९२१-२२ साली ‘विल्यम कॅरिक’ नावाचा वाफेचा ट्रॉलर आणून असा प्रयोग करून पाहिला होता. १९६८ च्या आरंभी हलचे तीन ट्रॉलर तीन-चार आठवड्यांत बुडाले, ५८ माणसे गेली. त्यांतल्या ‘सेंट रोमॅनस’वर बिनतारी चालवणारा माणूसच नव्हता. तेव्हा लिलियन बिलोका नावाची मासळीच्या कारखान्यात राबणारी बाई डोक्याला रुमाल बांधून उठली. तिने कोळ्यांच्या बायका जमवल्या, दहा हजार सह्या गोळा केल्या, लंडनला जाऊन मंत्र्यांना गाठले आणि बिनतारीवाल्याशिवाय बोट सुटणार नाही हे मान्य करून घेतले. पुढे मालकांनी तिला काम दिले नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता तळाकडे येतो. त्याच हलचा ‘गॉल’ हा ट्रॉलर १९७४ साली नॉर्वेच्या उत्तरेस ३६ माणसांसह नाहीसा झाला. चौकशी झाली, वादळाने बुडाला असे ठरले. बायकांचे समाधान झाले नाही. १९९७ साली समुद्रतळावर तो सापडला, पाणबुडी यंत्रांनी तपासला, आणि घाण व निरुपयोगी मासळी बाहेर टाकण्याच्या वाटांची झाकणे उघडी असल्याचे आढळले. २००४ साली सरकारी निर्णय त्यावरच आला. तीस वर्षांनी लोखंडाने जबानी दिली. माणसे मुकी झाली तरी झाकण उघडे की बंद, हे झाकण सांगते. आम्हाला येथे एक जिन आठवते. तेथे तपासणीच्या दिवशी आगीच्या बादल्यांत वाळू असे. दुसऱ्या दिवशी त्याच बादल्यांतून मजूर पाणी आणीत.

आपल्या बाजूच्या समुद्रतळाचे काय? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ॲमी शोल्स या उथळ जागी एका वाफेच्या बोटीचे अवशेष अभ्यासले आहेत. अशा बोटीचे लाकूड समुद्रातला किडा पोखरून टाकतो, पत्रा गंजून उडतो, कागदपत्रे तर पहिल्याच दिवशी जातात. उरतो बॉयलर, आणि उरतात भट्टीच्या आतल्या विटा. साखर कारखान्यात काम केलेल्यांनी त्या विटा पाहिल्या असतील. त्या भट्टीसमोर जो उभा राही त्याला बोटीवर ‘आगवाला’ म्हणत. सारंग, सुकाणी वर. आगवाला पार खाली, कोळशात. बोट कलली की वर धावायला त्याला सर्वांत लांब वाट. तिकिटावरून उतारूंची मोजदाद होते, पण त्याच्याजवळ तिकीटही नसते.

शंभर वर्षे पाण्याखाली राहिलेल्या वस्तूंना युनेस्कोच्या २००१ च्या कराराने वारसा मानले आहे. रामदासला ती शंभर वर्षे २०४७ साली भरतील. समोर बसलेल्या मुलांपैकी बरीचशी तेव्हा ऐन उमेदीत असतील. त्यांनी बंदरखात्याकडे जाऊन खलाशांची यादी मागावी, नावे आणि गावे यांसकट. अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर आम्ही येथेच बसलो आहोत.